खांब पुरायचा कुठे? टीव्हीवरच्या कलागुण स्पर्धेत उतरलेल्या एका मल्लखांब मंडळाचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून मंडळाचे गाव, मुलांची नावे आणि कार्यक्रमाचे नाव दिलेले नाही. एकाहून अधिक मंडळांचे अनुभव इथे एका मंडळाच्या नावावर मांडले आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातले मंडळ. शाळेच्या मैदानाच्या कडेला दोन पुरलेले खांब, आंब्याच्या फांदीऐवजी लोखंडी कमानीला बांधलेला एक दोर, पत्र्याच्या खोलीत सहा गाद्या. शिकवणारे एकच सर. हिशोब, प्रवास आणि फोन हे सगळे एका माजी खेळाडूकडे. त्याला मुले दादा म्हणतात. स्पर्धेसाठी निवडलेला संच १४ मुलांचा होता, वय ९ ते २२. त्यांतली तीन मुले १४ वर्षांखालची: ९, ११ आणि १२.

राज्य पातळीवर या मंडळाची मुले नियमित खेळत होती. दूरचित्रवाणीचा अनुभव मात्र शून्य. गणपतीत आणि शिवजयंतीला जी प्रात्यक्षिके होत, ती वीस-पंचवीस मिनिटांची असत. लोक तिन्ही बाजूंनी उभे राहून बघत. खांबावर अवघड काही झाले की कोणीतरी माइकवरून ते सांगे आणि टाळ्या पडत.

टीव्हीवरची विविध कलांची स्पर्धा वेगळ्या मुशीतली असते. हा साचा अमेरिकेत २००६ साली आणि ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झाला. २००९ साली 'इंडियाज गॉट टॅलेंट' या नावाने तो भारतात आला आणि पहिल्याच पर्वात ओडिशाचा 'प्रिन्स डान्स ग्रुप' जिंकला. गायक, जादूगार, नर्तक, कसरतपटू सगळे एकाच रांगेत उभे असतात. खेळाच्या स्पर्धेत अवघड कौशल्याला गुण ठरलेले असतात. इथे गुणपत्रक नाही. पहिल्या फेरीत जेमतेम दीड ते दोन मिनिटे मिळतात, आणि न समजलेल्या अवघड गोष्टीला शून्य किंमत असते.

मल्लखांबाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडून गेली होती. २०२३ साली 'इंडियाज गॉट टॅलेंट'चे दहावे पर्व छत्तीसगडमधल्या नारायणपूरच्या अबुझमाड मल्लखांब अकादमीने जिंकले. बस्तरच्या मुलांनी खेळाला देशभर चेहरा दिला, हे खरेच. पण त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मल्लखांब मंडळाला निर्मितीकडून, म्हणजे कार्यक्रम बनवणाऱ्या चमूकडून, पहिला प्रश्न एकच ऐकावा लागतो: 'त्यांच्यापेक्षा तुमचे नवीन काय?'

अडचण

मंडळाने ॲपवर नव्वद सेकंदांचा व्हिडिओ टाकला. तीन आठवड्यांनी फोन आला, मग पुण्यात प्रत्यक्ष चाचणी झाली. तिथे परीक्षक नव्हते, निर्मितीतले तिघे तरुण होते. त्यांना सगळे 'क्रिएटिव्ह' म्हणतात. त्यांनी निवड कळवली आणि सोबत चार मागण्या ठेवल्या. मुंबईतल्या चित्रीकरणाला ३२ दिवस उरले होते.

पहिली मागणी: खांब स्टेजवर उभा करायचा. स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड आणि त्यावर एलईडीची चकचकीत फरशी. खड्डा खणणे सोडाच, एक खिळा ठोकायलाही परवानगी नाही.

दुसरी: 'धोका दिसला पाहिजे.' आग, सुऱ्या, डोळ्यांवर पट्टी, यातले काहीतरी हवे.

तिसरी: ओळखीच्या चित्रफितीसाठी एखाद्या मुलाची दुःखाची गोष्ट. संचातल्या एका मुलाचे वडील वारले होते. हे पुण्यातल्या चाचणीत गप्पांच्या ओघात निघाले आणि निर्मितीच्या वहीत गेले.

चौथी: करारावर सात दिवसांत सह्या.

वरवर या चार वेगळ्या मागण्या होत्या. सरांनी त्या एकाच कागदावर लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे एक प्रश्न टाकला: हे फसले तर कोण पडेल? पहिल्या दोनांपुढे मुलाचे नाव आले, तिसऱ्यापुढे घराचे, चौथ्यापुढे मंडळाचे. कामाचा क्रम त्यावरूनच लागला.

निर्णय १: खांब उभा कशावर राहणार

पुरलेला खांब जमिनीत तीन फुटांच्या आसपास असतो आणि उलटण्याचा सगळा जोर माती घेते. स्टेजवर ते काम लोखंडी बैठकीने करायचे. मंडळापुढे तीन पर्याय होते.

पहिला, खांब सोडून फक्त दोरीचा मल्लखांब करायचा. त्यासाठी स्टुडिओच्या छताच्या जाळीवर १८ ते २० फुटांवर टांगणीची जागा लागते. झटक्यासकट किती भार येईल याचा लेखी हिशोब दिल्याशिवाय ती द्यायला स्टुडिओच्या रिगिंगवाल्यांनी, म्हणजे टांगणीचे काम बघणाऱ्यांनी, नकार दिला. नकार रास्त होता. दोरावरून झपकन खाली येऊन मुलगा थांबतो तेव्हा दोराला त्याच्या वजनाच्या कित्येक पट झटका बसतो. हा हिशोब करून देणारा माणूस ३२ दिवसांत मंडळाला मिळाला नाही.

दुसरा, टांगता मल्लखांब. तिथेही टांगणीचा तोच अडसर.

तिसरा, बैठकीवरचा खांब. तो निवडला.

पहिली बैठक गावातल्या फॅब्रिकेटरने चार दिवसांत केली. चार बाय चार फुटांची, १० मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट. मध्ये दीड फूट उंच पाइपचा खोबणीचा तुकडा. त्याला चार बाजूंनी त्रिकोणी आधार. प्लेटचे वजन सुमारे ११७ किलो भरले, आधार आणि पाइप २० किलोच्या आसपास. शिसवीचा नवा खांब ४५ किलोचा, वर साडेआठ फूट दिसणारा. एकूण १८० किलो. सहा जणांना उचलताना घाम फुटला, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली की हे काही हलत नाही.

पाचव्या दिवशी ते हलले. दोन मुले एकाच बाजूला खांबाला काटकोनात आडवी ताठ होती आणि समोरून तिसऱ्याने झेप घेऊन खांबाच्या मानेजवळ, म्हणजे टोकाखालच्या निमुळत्या भागाजवळ, पकड घेतली. प्लेटची मागची कड इंचभर उचलली आणि धप्प करून खाली बसली. कोणी पडले नाही.

जे झाले त्याचा ढोबळ हिशोब असा. बैठकीची कड मध्यापासून ६१ सेंटिमीटरवर. १८० किलोला ०.६१ मीटरने गुणले की उलटण्याला विरोध करणारा जोर ११० (किलो गुणिले मीटर) निघतो. दोन मुले ४५-४५ किलोची, त्यांचा गुरुत्वमध्य खांबापासून ९० सेंटिमीटरवर, म्हणजे कडेच्या २९ सेंटिमीटर बाहेर. त्यांचा जोर २६. झेप घेणारा ४५ किलोचा मुलगा सेकंदाला तीन मीटर वेगाने आला आणि ०.३ सेकंदात थांबला, तर सुमारे ४६ किलोचा आडवा धक्का बसतो. तो १.८ मीटर उंचीवर बसला, म्हणून ८३. दोन्ही मिळून १०९. पकड जरा कडक बसून तो ०.२ सेकंदात थांबला, तर एकट्या झेपेचा जोर १२४ होतो आणि बैठक उलटते.

जड वाटते म्हणून स्थिर असते, हा समज इथे मोडला. वजनाइतकीच बैठकीची रुंदी कामाला येते, आणि ती वाढवायला खर्चही कमी लागतो. दुसऱ्या खेपेला प्लेट तीच ठेवून चारी कोपऱ्यांतून लोखंडी चॅनलचे हात बाहेर काढले, टोकांचा चौकोन सहा बाय सहा फुटांचा केला आणि हातांवर व्यायामशाळेतल्या २० किलोच्या आठ चकत्या बोल्टने आवळल्या. वजन ३४० किलो, कड ९१ सेंटिमीटरवर, विरोधाचा जोर सुमारे ३०९. आडवी मुले आता कडेच्या आतच येतात. झेपेचा सर्वांत वाईट धक्का धरला तरी अडीचपट जागा उरते. यापेक्षा कमी ठेवू नये.

रुंद बैठकीने नव्या तीन अडचणी आणल्या. उतरताना मुलगा खांबापासून तीन-चार फुटांवर पाय टेकतो, तिथे आता लोखंड होते. म्हणून हातांच्या मधल्या जागेत चार इंची फोम भरला, वरून काळे कापड ताणले आणि उडीची दिशा ठरवून दिली: फक्त समोर, चकत्या नसलेल्या बाजूला. त्यापुढे सहा इंची गादी. निर्मितीला गादी नको होती, कारण ती 'फ्रेममध्ये वाईट दिसते'. सरांनी गादी काळ्या कापडात गुंडाळली आणि तिच्याशिवाय खेळणार नाही असे सांगितले. कॅमेऱ्यात ती नंतर दिसलीही नाही.

दुसरी अडचण भाराची. मुलांसह ६०० किलोहून जास्त वजन, आणि झेपेच्या क्षणी त्यातला बहुतेक भार बैठकीच्या दोनच पायांवर. एलईडीची फरशी असा टोचणारा भार सहन करत नाही. खाली १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर आणि त्याखाली रबरी मॅट घातली. स्टेज किती भार घेते हे स्टुडिओकडून लेखी मागून घेतले. तोंडी 'काही होत नाही, हत्ती उभा करा' असे उत्तर आले होते.

तिसरी पाचरींची. खोबणीत खांब घट्ट बसवायला लाकडी पाचरी ठोकतात आणि त्या रोजच्या हादऱ्याने सैल होतात. प्रत्येक सरावाआधी आणि स्टेजवर जाण्याआधी एकाच ठरलेल्या मुलाने चारी पाचरी हातोडीने तपासायच्या, असा नेम केला. हे काम दोघांत वाटले की कोणीच करत नाही.

निर्णय २: तेल

खांबाला एरंडेल लावतात, हाता-पायाला राळेची पूड. तेल नसेल तर घर्षणाने मांड्या आणि बगलेचे कातडे सोलते. तेल फार झाले तर अढी, म्हणजे मांड्यांनी खांबाला घातलेली पकड, सुटते. निर्मितीने तेलाला साफ नकार दिला. एक थेंब चकचकीत फरशीवर पडला तर पुढचा नर्तक घसरेल. हा मुद्दा बरोबर होता आणि मंडळाने तो आधी धरायला हवा होता.

मार्ग असा निघाला: तेल आदल्या रात्रीच खांबात मुरवायचे, सकाळी सुती फडक्याने कोरडे पुसायचे, खालचा दीड फूट भाग तेलाशिवाय ठेवायचा. राळ स्टेजवर न्यायची नाही, पडद्यामागे ट्रेमध्ये लावायची, आणि स्टेजवर येताना पायात मोजे घालून ते बैठकीवर चढताना काढायचे. हे करून पाहायला दहा दिवस लागले, कारण कोरड्या खांबावर पकड वेगळी बसते. दसरंगासारखे हातांच्या जोरावरचे प्रकार सोपे गेले, सरकत खाली येणारे प्रकार जड गेले. दोन उतरत्या त्यामुळे संचातून काढाव्या लागल्या.

निर्णय ३: आग की पट्टी

आगीचा पर्याय दहा मिनिटांत निकाली निघाला. तेल मुरलेले लाकूड, फोम, कापड आणि चार मुले खांबावर लटकलेली, तिथे मशाल न्यायची नाही. सुऱ्यांनाही नकार दिला: बैठकीवर टोके वर करून लावलेल्या सुऱ्या म्हणजे उतरायची जागा स्वतःच काढून घेणे.

या ठिकाणी सरांनी मुलांना वसईकडच्या 'व्ही अनबीटेबल' या गटाची आठवण दिली. २०२० साली अमेरिकेतल्या याच साच्याच्या 'चॅम्पियन्स' स्पर्धेत हा गट जिंकला. नावातला 'व्ही' सरावात पडून जखमी झालेल्या आणि नंतर दगावलेल्या त्यांच्या साथीदाराच्या नावाचा आहे. अशा कसरतीत अपघात सरावातही होतात, हे मुलांना माहीत असलेले बरे.

डोळ्यांवर पट्टी मात्र मान्य केली, अटींसह. मल्लखांबात पकड स्पर्शावर चालते. अढी कुठे बसली हे मांडीला कळते, डोळ्यांना नाही. म्हणून स्थिर आसने पट्टी बांधून करता येतात. झेप आणि उतरती करता येत नाही. ठरले ते असे: २२ वर्षांचा एकच खेळाडू, बारा सेकंद, खांबावर दुसरे कोणी नाही, उतरण्याआधी पट्टी काढायची. निर्मितीला हवा तो श्वास रोखणारा क्षण मिळाला आणि धोका प्रत्यक्षात वाढला नाही. टीव्हीसाठी तडजोड करायचीच असेल तर अशी, दिसायला मोठी आणि करायला छोटी.

निर्णय ४: आडवी चौकट, उभा खेळ

याचा विचार मंडळाने केला नव्हता. कॅमेऱ्यावरच्या एका माणसाने तो दाखवून दिला. टीव्हीची चौकट सोळास नऊ अशी आडवी असते. खांब उभा. पूर्ण खांब चौकटीत घेतला तर दोन्ही बाजूंना काळा अंधार उरतो आणि मुले मुंगीएवढी दिसतात. जवळून घेतले तर उंची दिसत नाही.

तीन खांब हा एक उपाय होता. म्हणजे एक टनाहून जास्त वजन, आणि स्टेज रिकामे करायला मिळणारी दहा मिनिटे. तो सोडला. मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना चार-चार मुलांचे दोन थरांचे मनोरे उभे केले आणि शेवटच्या रचनेत त्यांचे हात खांबावरच्या आडव्या मुलांच्या पायांपर्यंत पोचवले. चौकट भरली. खेळ म्हणून यात नवे काही नव्हते. राज्य स्पर्धेत ज्या कौशल्याला सर्वाधिक गुण मिळत, ते बोंडावरचे, म्हणजे खांबाच्या टोकावरच्या गोळ्यावरचे, समतोलाचे आसन चार सेकंदांवर आणले, कारण पाठीमागच्या लखलखाटात ते कळतच नव्हते. मुलांना हे लागले. सरांनाही.

निर्णय ५: करार आणि गोष्ट

करार अठरा पानांचा, इंग्रजीत. दादाने तालुक्याच्या एका वकिलाकडून तो वाचून घेतला. तीन कलमे महत्त्वाची निघाली. अंतिम फेरी प्रसारित झाल्यानंतर सहा महिने इतर वाहिन्यांवर आणि पैसे घेऊन होणाऱ्या कार्यक्रमांत सहभाग बंद. सहभागींचे चित्रण 'कोणत्याही प्रकारे' दाखवण्याचा हक्क निर्मात्याला. आणि अल्पवयीन मुलांच्या पालकांकडून नुकसानभरपाईचा बाँड.

शेवटचे कलम नीट समजून घ्यावे. भारतीय कायद्यात अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, म्हणून निर्माते पालकांना बांधून घेतात. मुलगा मध्येच आजारी पडला किंवा घाबरून नको म्हणाला, तर खर्च पालकाकडे मागता येईल अशी भाषा त्यात होती. 'आजारपण, इजा आणि मुलाची अनिच्छा वगळून' एवढे शब्द घालायला निर्माता तयार झाला. पहिल्या कलमातून क्रीडा स्पर्धा वगळून मिळाल्या. गणपतीतले मानधनाचे कार्यक्रम मिळाले नाहीत, आणि मंडळाचे वर्षाचे उत्पन्न नेमके त्यातूनच येते. सह्या करण्यापूर्वी पालकांची सभा घेऊन हे उघड सांगितले. दोन पालकांनी मुले काढून घेतली. त्यांच्या जागी राखीव दोघे आले.

गोष्टीचा प्रश्न आधी मुलाला आणि त्याच्या आईला विचारला. आई म्हणाली, 'त्याच्या बाबांचं नाव घ्या, पण माझं घर दाखवायचं नाही.' तेवढेच लेखी कळवले. निर्मितीचा संहितेतला 'लुप्त होत चाललेली कला' हा शब्दप्रयोगही सरांनी खोडला. ज्या खेळाचे राष्ट्रीय सामने दरवर्षी होतात, ज्याची जागतिक स्पर्धा २०१९ साली शिवाजी पार्कवर झाली आणि जो 'खेलो इंडिया'त आहे, त्याला मरणपंथाला लावायचे कारण नव्हते. प्रक्षेपणात हे शब्द आलेच नाहीत, आईचे घरही आले नाही. रडवे संगीत मात्र आले.

बक्षिसाची बोलणी मंडळाने सुरुवातीलाच केली, आणि हे फार थोडे गट करतात. अशा बक्षिसावर ३० टक्के आयकर आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के जातात. समजा २० लाख मिळाले, तर हाती १३ लाख ७६ हजार. चौदा जणांत वाटले तर प्रत्येकी ९८ हजारांच्या आसपास. बक्षीस कोणाच्या पॅनवर घ्यायचे, मंडळाचा वाटा किती, हे सभेच्या वहीत लिहून सह्या घेतल्या. गाडी मिळाली तर तिच्या किमतीवरचा कर रोखीने भरावा लागतो हेही लिहिले. वही उघडायची वेळ आली नाही, पण भांडायचीही आली नाही.

चित्रीकरणाची रात्र

बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार १४ वर्षांखालच्या मुलाकडून कलाकार म्हणून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची असते. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमायची असते. परवानगीची प्रत दादाने आधीच मागून फाइलला लावली होती.

संच सकाळी नऊला बोलावला. तिन्ही लहानग्यांना दुपारी तीनपर्यंत हॉटेलवरच ठेवले, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होईल. निर्मितीने सहाची वेळ सांगितली होती. सातला एका जादूगाराची पेटी अडकली, मग प्रकाशयोजना बिघडली. आठ वाजता पाच तास संपणार होते. मंडळाचा क्रमांक अकराच्या पुढे जाणार हे साडेसातलाच दिसत होते.

शेवटच्या रचनेत बोंडावर सर्वांत वर नऊ वर्षांचा मुलगा होता. सगळी रचना त्याच्या २६ किलोंवर बेतलेली. फ्लोअर मॅनेजरचे म्हणणे, 'दोनच मिनिटांचं तर काम आहे.' मुलाची तयारी होती, त्याचे वडीलही 'राहू द्या सर, एवढी मेहनत केलीय' म्हणत होते.

सरांपुढे तीन वाटा होत्या: मुलाला खेळवायचे, दुसऱ्या दिवसाची वेळ मागायची, किंवा लहानग्यांशिवायचा दुसरा संच उतरवायचा. दुसऱ्या दिवसाला निर्मितीने नकार दिला. दुसरा संच तयार होता, कारण सरावाच्या तिसऱ्या आठवड्यापासून दर तीन सरावांतला एक तोच असे. त्यात वर १५ वर्षांचा, ४६ किलोचा मुलगा. त्यामुळे खालच्या दोघांची आडवी ताठ रचना काढून तिथे अढीतले आसन घातले होते. सरांनी साडेसातला दुसरा संच जाहीर केला आणि तिघांना जेवायला पाठवले. त्यांनी कारण नियमाचे सांगितले नाही. ते म्हणाले, 'पंधरा तास जागं पोर बोंडावर उभं करत नाही मी.'

क्रमांक ११ वाजून ४० मिनिटांनी आला. तासातासाने अंग गरम करायचा नेम ठेवल्यामुळे मोठी मुले आखडली नव्हती. एक गोष्ट मात्र राहून गेली होती: झेप घेणाऱ्याच्या डोळ्यांवर समोरचा प्रखर झोत आला आणि पकड वीतभर खाली बसली. बैठक हलली नाही. प्रकाशाची तालीम दुपारी झाली होती, पण ती झेपेशिवाय झाली होती.

निकाल

परीक्षकांनी पुढच्या फेरीत पाठवले. एकाने शेवटची रचना 'अपेक्षेपेक्षा साधी' म्हटली. दुसऱ्या फेरीत मंडळाची वेळ दुपारी पहिली लावून घेतली आणि नऊ वर्षांचा मुलगा बोंडावर उभा राहिला. तिसऱ्या फेरीत दोरीसाठी पुन्हा टांगणी मागितली, पुन्हा मिळाली नाही, आणि तोच खांब तिसऱ्यांदा दाखवावा लागला. तिथे मंडळ बाहेर पडले.

इजा: एकाच्या मांडीचे कातडे सोलले, एकाचा अंगठा मुरगळला. खर्च: बैठक, नवा खांब, फोम आणि कापड मंडळाचे, प्रवास, राहणे आणि जेवण निर्मात्याचे. मानधन नाही. प्रसारणानंतर लग्नांच्या आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांसाठी फोन सुरू झाले, पण करारामुळे सहा महिने नाही म्हणावे लागले. मुदत संपली तेव्हा फोन थांबले होते.

वेगळे काय करता आले असते

ॲपवर व्हिडिओ टाकताना 'मान्य आहे' हे बटण दाबले, तिथेच काही अटी लागू झाल्या होत्या. वकील त्या आधी लागतो, नंतर नाही. व्हिडिओच्या वापराचा मुद्दा त्यामुळे बोलणीत आलाच नाही.

मानधनाच्या कार्यक्रमांवरची बंदी सहा महिन्यांऐवजी तीन महिने किंवा फक्त इतर वाहिन्यांपुरती मागता आली असती. मंडळाने 'गणपती वगळा' एवढेच मागितले आणि ते फेटाळल्यावर थांबले. मधला आकडा कोणी मांडलाच नाही.

दोरीचा हिशोब पहिल्या दिवशी सुरू करायला हवा होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचे एक पान मिळाले असते तर तिसऱ्या फेरीत नवे काही हाती असते. मंडळ पहिल्या नकारानंतर तो विषय विसरले, आणि हरण्याचे थेट कारण बहुधा हेच.

बैठकीची चाचणी मुलांवर झाली, ती वाळूच्या पोत्यांवर व्हायला हवी होती. दोन पोती आडव्या बांबूला टांगायची आणि तिसरे दोरीने झोका देऊन मानेवर आदळायचे. कड उचलली तर पोते पडते.

अपघात विम्याची पॉलिसी होती, पण कसरतीचे प्रकार तिच्या अपवादांत मोडतात हे सरावाच्या विसाव्या दिवशी कळले. निर्मात्याच्या विम्यात सहभागींची नावे घालून घेतली ती त्यानंतर. म्हणजे बैठक हलली त्या दिवशी मुलांना कसलेच संरक्षण नव्हते.

दुसरा संच हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय, पण त्याचीही रचना कच्ची होती. तो पहिल्या संचातून एक मूल वजा करून बनवला होता, म्हणून शेवट साधा दिसला. मोठ्या मुलांच्या ताकदीवर उभा असलेला वेगळा शेवट बसवला असता तर परीक्षकाचे ते वाक्य आले नसते. सध्या मंडळात सराव त्याचाच चालू आहे. शाळांच्या सभागृहांत, जिथे खड्डा खणता येत नाही, तिथे तीच सहा फुटी बैठक टेम्पोतून जाते. चकत्या वेगळ्या, पाचरींची हातोडी वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी अजून त्याच मुलाकडे असते.